न नेलेली भाकर

पेडगावात बायनाबाईच्या भाकरीला नाव होतं. आता पीठ, पाणी, तवा आणि विस्तव एवढ्यात काय ती करामत असायची, असं कुणी म्हणेल. म्हणू द्या, त्यानं ती खाल्लेली नसणार. परातीत तिचा हात पडला की थापण्याचा आवाज भिंतीपल्याड जायचा आणि पलीकडून चांगुणाबाई हाळी द्यायची की कोरड्यास झालंय, ये. मग दुपारच्याला दोघी चांगुणाबाईच्या ओसरीवर जेवायला बसायच्या. भाकर हिची, भाजी तिची. त्या जेवणात गावातली निम्मी माणसं सोलून निघायची, आणि हसता हसता ठसका लागला की एकमेकींच्या पाठीत धपाटे बसायचे.

दोघी एकाच साली लग्न होऊन या गल्लीत आल्या होत्या. बायनाबाईचा नवरा तरणाच गेला, तेव्हा चांगुणाबाई आपलं घर नवऱ्यावर टाकून कितीतरी रात्री तिच्या उशाशी निजली होती. पुढं बायनाबाईनं लेक राजेश्री पालमला दिली. लेक चांगली, पण संसारात गुरफटलेली, तिचा फोन यायचा तो सुद्धा भांडी घासता घासता. म्हणजे हक्काचं माणूस म्हणून बायनाबाईला एकच उरलं होतं, आणि ते भिंतीपल्याड राहत होतं.

दुखणं आलं ते कोपरावर. लालसर चट्टा, वर पांढरी खपली. खाजवलं की कोंडा पडावा तसा भुगा पडायचा. मग गुडघे धरले, मग डोक्यात गेलं. सकाळी उठलं की आधी अंथरूण झाडायचं, जमिनीवरचा भुगा लोटायचा, कुणी यायच्या आत. गावात औषध सांगणाऱ्यांना काय तोटा? एकीनं नायटा म्हणून सांगितलं, दुसरीनं इसब, तिसरीनं मागच्या जन्मीचं काढलं, आणि एका म्हातारीनं आवाज खाली आणून मोठ्या रोगाचं, म्हणजे महारोगाचं नाव घेतलं. ते नाव बायनाबाईच्या काळजात जाऊन बसलं.

तिनं काय केलं नाही? लिंबाचा पाला वाटून लावला, करंजाचं तेल चोळलं, बाजारात बसणाऱ्या एका जडीबुटीवाल्याचा काळा लेप फासला. आंघोळीला बसली की दगडानं खपल्या घासून काढायची. काढल्या की रगत यायचं आणि आठ दिवसांत चट्टा आणखी रुंद व्हायचा. गावातल्याच एका डॉक्टरानं सुई टोचली, तेव्हा मात्र अंग असं लख्ख झालं की तिनं हनुमानाला नारळ फोडला. पण सुईचा जोर सरला आणि दुखणं दुपटीनं उलटलं. रोग हाल्याला अन् औषध पखालीला म्हणतात ते काय खोटं नाही. या वेळी त्यानं तळहात धरले. तळव्यांना भेगा पडल्या, बोटांच्या पेरांना चिरा गेल्या.

तरी ती भाकरी थापत होती. थांबली ती सप्ताहात.

गावात सप्ताह बसला की काल्याच्या दिवशी घरपरत भाकरी जमा होतात, आपापल्या ऐपतीनं कुणी पाच आणतं कुणी पंचवीस. बायनाबाईनं पाटीभर नेल्या. वाढणाऱ्या बायांपैकी एकीनं तिच्याकडं बघून गोड हसून पाटी घेतली. पंगती उठल्यावर बायनाबाई मंडपामागं हात धुवायला गेली, तर तिथं तिची पाटी होती आणि ती गोड हसणारी बाई तिच्या भाकरी कुस्करून गायींपुढं टाकत होती. एक भाकर माणसाच्या पोटात गेली नव्हती. बायनाबाई आली तशी मागं फिरली. भांडली असती तर बरं झालं असतं. पण भांडायला आधी हात वर करावे लागतात, आणि तिनं तर ते पदराखाली घातले ते घातलेच.

त्या दिवसापासून चांगुणाबाईच्या ओसरीवरचं जेवण सुटलं. आज पित्त झालंय, आज एकादशी, आज भूकच नाही. चांगुणाबाई काही दिवस हाळी देत राहिली, मग भाजीची वाटी भिंतीवरून द्यायला लागली. रिकामी वाटी परत देऊ नये म्हणून बायनाबाई तीत गुळाचा खडा टाकायची. भाकर कधी गेली नाही. एकदा चांगुणाबाईनं सरळ विचारलं, हात दाखव बघू. तर ही म्हणाली, काय दाखवायचंय त्यात, आणि घरात गेली. झाकली मूठ सव्वा लाखाची, असं तिला वाटत होतं. तिच्या मनात एवढंच होतं की हे जे काय आहे ते माझ्याजवळ राहू दे, माझ्या चांगुणाला लागू नये. मला सांगा, यात वाईट काय होतं? काहीच नव्हतं. तरी त्याचं पुढं वाईट झालं.

चांगुणाबाईचे मालक माणिकराव हरभऱ्याला पाणी द्यायला गेले आणि बांधावरच गेले. दवाखान्यात न्यायलासुद्धा सवड मिळाली नाही.

मयताच्या घरी चूल पेटत नाही. सावडणं होईपर्यंत त्या घराला शेजार जेवू घालतो, बेसन-भाकर घेऊन बाया येतात, सुतकातल्या बाईला धरून बसतात आणि ती नको नको म्हणत असताना तिच्या तोंडात घास कोंबतात. त्यात पहिली भाकर लागून असलेल्या घराची. हे कुणी लिहून ठेवलेलं नाही, पण ते चुकलं तर पिढ्यान् पिढ्या लक्षात राहतं. हाडवैर असलं तरी माणसं त्या दिवशी भाकर नेतात. नेली नाही, तर आजपासून तुमचा आमचा संबंध तुटला, असा त्याचा अर्थ होतो.

बायनाबाईनं चूल पेटवली होती. परातीत पीठ घेतलं, कढत पाणी ओतलं आणि मळायला लागली. हुंदके देत मळत होती, माणिकरावांनी तिला बहीण मानलेलं. मळता मळता तळव्याची भेग उलली आणि पिठाच्या गोळ्यावर तांबडा डाग उमटला. तो बघून ती तिथंच थांबली. तिला मंडपामागची ती पाटी दिसली. ज्या भाकरी गावानं गायींना घातल्या, त्या चांगुणाच्या तोंडात घालायच्या? तिच्या पदरात आज काय कमी टाकलंय देवानं, म्हणून त्यात हा रोग पण टाकायचा? तिनं गोळा उचलून शेळीपुढं ठेवला आणि रिकामी गेली.

रिकामी गेली आणि लांब बसली. बाया चांगुणाबाईच्या गळ्यात पडून रडत होत्या. ही दाराशी भिंतीला टेकून, दोन्ही हात पदरात गुंडाळून, आवाज न करता रडत होती. चांगुणाबाईनं तिच्याकडं पाहिलं. एकदा पाहिलं, थोड्या वेळानं पुन्हा पाहिलं. बायनाबाई उठली नाही. दुसऱ्या दिवशीही तसंच, सावडून माणसं परत आली त्या दिवशीही तसंच.

त्यानंतर चांगुणाबाई तिच्याशी बोलली नाही.

गावात बोलणं बंद व्हायला भांडण लागतं, आणि भांडण झालं की चार माणसं मध्ये पडून ते मिटवतात. इथं भांडण झालंच नव्हतं, मग मिटवायला कोण येणार? नळावर चांगुणाबाई आधी आली तर आपली घागर भरून निघून जायची, मागं वळून बघायची नाही. भिंतीवरून वाटी येईना. बायनाबाईला पलीकडचा खोकला ऐकू यायचा, भांडं पडलेलं ऐकू यायचं, पहाटे अंगण झाडल्याचं ऐकू यायचं. पलीकडं ती एकटी आणि अलीकडं ही एकटी, मध्ये एक वीत जाडीची भिंत. एका भाकरीपुरतं पीठ भिजवायचा बायनाबाईला कंटाळा यायचा. मग सकाळचंच रात्री खायचं. घरात आवाज असावा म्हणून ती टीव्ही लावून ठेवायची आणि त्याच्याकडं पाठ करून बसायची.

थंडीत तिची बोटं सुजली. सकाळी मूठ मिटेना, शेळीच्या गळ्यातली गाठ सुटेना. आशाताई म्हणून काम करणारी संघप्रिया औषधाच्या गोळ्या वाटत गल्लीत आली होती, तिनं ती बोटं पाहिली आणि पदर बाजूला सारून तळवेही पाहिले. बायनाबाईनं हात ओढून घेतला, तर ती म्हणाली, मावशी, हे लपवून बरं होणारं न्हाई, सोमवारी माझ्यासंगं परभणीला चला. काळीपिवळी जीपमधनं दोघी गेल्या. सगळ्या वाटेत बायनाबाईनं हात मांडीखाली दाबून धरले होते, शेजारच्या बाईला लागू नयेत म्हणून.

दवाखान्यात कातडीची डॉक्टर म्हणजे राजेश्रीच्याच वयाची पोरगी. तिनं हातमोजे न घालता बायनाबाईचे हात आपल्या हातात घेतले. बायनाबाईच्या अंगावर काटा आला. किती दिवसांनी कुणीतरी ते हात धरले होते.

डॉक्टरीण म्हणाली, याला सोरायसिस म्हणतात. मोठा रोग नाही, नायटा नाही, पाप तर नाहीच नाही. आपल्या अंगात रोगाशी लढणारी जी फौज असते ती नादावते आणि आपल्याच कातडीच्या मागं लागते. मग महिन्याभरात व्हायची ती कातडी चार-पाच दिवसांत तयार होते आणि थरावर थर साठतो. बोटांची सूजही त्यातलीच, ती अंगावर काढली तर सांधे वाकडे होतील. समूळ जाईल असं मी सांगणार नाही, आणि जो सांगेल त्याच्याकडं जाऊ नका. पण ताब्यात राहतं. कधी दबेल, कधी थंडीत नाहीतर मनाला घोर लागला की डोकं वर काढेल. दगडानं घासायचं बंद. आंघोळ झाली की अंग ओलसर असतानाच व्हॅसलीन चोपडायचं. मलम सांगितलं तेवढंच लावायचं, मनानं बंद करायचं नाही आणि वाढवायचंही नाही. गोळी आठवड्यातून एकदाच. रोज घेतली तर जिवावर बेतेल. अधूनमधून रक्त तपासायचं. तंबाखू सोडायची. आणि त्या सुया तर मुळीच नाहीत, त्यांनीच उलटलं होतं.

बायनाबाई मान डोलवत होती, पण तिचं ध्यान दुसरीकडंच होतं. शेवटी तिनं धीर केला.

"बाई, ह्या हातानं भाकर केली अन् ती दुसऱ्या कुणी खाल्ली तर?"

"तर त्याचं पोट भरेल," डॉक्टरीण म्हणाली. "मावशी, हे लागत नाही. शिवून लागत नाही, संगं जेवून लागत नाही, एका अंथरुणात निजून लागत नाही. भेगा असताना पीठ मळू नका म्हणते, ते तुमच्या हाताला त्रास होतो म्हणून. खाणाऱ्याला काही होत नाही."

कुणाला वाटेल बायनाबाईला आनंद झाला असेल. कसला आनंद? ती बाहेर बाकड्यावर बसली आणि तिला असा संताप आला की दात कराकरा वाजले. त्या गोड हसणाऱ्या बाईचा आला, आवाज खाली आणणाऱ्या म्हातारीचा आला, आणि सगळ्यात जास्त स्वतःचा आला. मी माझ्या मनानंच डॉक्टर झाले, मनानंच निवाडा केला आणि शिक्षा त्या बिचारीला दिली, भर सुतकात. करायला गेले गणपती आणि झाला मारुती. संघप्रियानं चहा आणला, तर तो हातात धरून ती रडत बसली.

आता हिनं घरी येऊन तडक चांगुणाबाईचं दार वाजवावं की नाही? नाही वाजवलं. माणसाची खोड इतकी सोपी नसते. तिनं ठरवलं, आधी हात नितळ होऊ द्यावेत, मग नितळ हातानं भाकर न्यावी. म्हणजे बोलायची लाजही राहणार नाही. औषध ती नेमानं घ्यायला लागली. गोळीच्या दिवशी संघप्रिया आठवण करायला यायची. तंबाखूची डबी तिनं उकिरड्यावर फेकली आणि आठ दिवस तिचं डोकं ठणकत राहिलं. खपल्या पातळ झाल्या, बोटांची सूज उतरली, मूठ मिटायला लागली. कोपरं तर जवळजवळ साफ झाली. पण तळहात काही पुरते नितळ होईनात. जरा बरे दिसले की ती म्हणायची, आणखी चार दिवस. चार दिवसांत एखादी नवी भेग दिसायची. अशानं उन्हाळा गेला, सोयाबीन निघालं, पुन्हा थंडी पडायला आली.

एका सकाळी संघप्रिया सहज बोलून गेली की चांगुणामावशीला त्यांचा लेक बालाजी पुण्याला घेऊन जायलाय, कायमचं. जमीन बटईनं लावली, घराला कुलूप. येत्या रविवारी गाडी घेऊन येणार.

म्हणजे भिंतीपल्याडचा खोकलासुद्धा जाणार होता. बोलत नव्हती तरी ती तिथं होती, आज ना उद्या बोलेल या आशेवर तर हिचे दिवस निघत होते. बायनाबाईनं तळहात उजेडात धरून पाहिले. तांबूस होते, दोन ठिकाणी चिरलेले होते. जळो मेले, असं म्हणून तिनं परात ओढली.

भाकर झाली, बेसन झालं. ताटलीवर फडकं टाकून ती पुढच्या दारानं गेली. चांगुणाबाई ओसरीवर गाठोडी बांधत बसली होती. वाळली होती, हाडं वर आली होती. तिनं ताटलीकडं पाहिलं.

"ही कशाची?"

"तुझ्यासाठी केली."

"माझ्या घरी आज कुणी मेलं न्हाई, बायना."

इतक्या दिवसांनी आलेला हा पहिला शब्द. बायनाबाई माघारी फिरली नाही. पायरीवर बसली आणि तिनं सगळं सांगून टाकलं. सप्ताहातल्या भाकरी, त्या गायी, पिठावर पडलेला रगताचा डाग, शेळीला घातलेला गोळा. मोठा रोग असंल असं वाटलं म्हणून गळ्यात पडले नाही, म्हणाली. परभणीला डॉक्टरला विचारलं, ती म्हणते हे लागत नाही, संगं जेवलं तरी लागत नाही, हातचं खाल्लं तरी लागत नाही. आणि तिनं दोन्ही तळहात उघडून पुढं धरले.

चांगुणाबाईनं ते हात निरखून पाहिले. मग गाठोडं बाजूला सारलं.

"तुझ्या कोपराचा पहिला डाग मीच पाह्यला होता, कापसाच्या वेचणीत. बोलले न्हाई. म्हणलं, हिला सांगू वाटंल तवा सांगंल." तिचा आवाज चढला नव्हता. "त्या दिवशी समदी गल्ली भाकरी घिऊन आली. घास धर, घास धर. मी तोंड उघडलं न्हाई. म्हणलं, बायनाची येऊ द्या, पहिला घास तिचा. सावडूस्तोर मी पाण्यावर होते. तुला कुणी सांगितलं न्हाई?"

कुणी सांगितलं नव्हतं, आणि भाकरी सोडायच्या आत ती रोज उठून घरी यायची. बायनाबाईशी त्या दिवसांत कोण बोलत होतं?

"तुझ्या हातचं खावं का न्हाई, हे इचाराया तू परभणीला गेलीस," चांगुणाबाई म्हणाली. "भिताडापल्याड मी होते की. मला इचारायचं."

बायनाबाईचे हात अजून तसेच पुढं धरलेले होते. चांगुणाबाईनं ते धरले, मिटवले आणि तिच्याच मांडीवर ठेवले. दोघी रडल्या, पण आपापल्या जागी बसून. गळ्यात पडायचं कुणालाच सुचलं नाही.

मग बायनाबाईनं ताटली पुढं सरकवली. एक घास घे म्हणाली.

"न्हाई गं. हा घास तवाचा होता. आता गिळायचा न्हाई मला." चांगुणाबाईनं डोळे पुसले. "मी पुण्यात मेले अन् तुला कळलं, तर ये. माझ्या बालाजीला घास चार. तवा तरी हात बघत बसू नको."

"अन् मी आधी गेले तर?"

"तर मी यीन. अंगात ताप असला तरी यीन. तुझ्या राजेश्रीच्या तोंडात पहिला घास माझ्या हातचा जाईल. दुसऱ्या कुणाला मी फुडं होऊ देणार न्हाई."

एवढं बोलून तिनं गाठोड्याला गाठ मारली.